उचल कोणाची, मजुरी कोणाची?

उचल म्हटली की आम्हांला ऊसतोडणी कामगार आठवतो. पैसे आधी घेतो आणि हंगामभर बांधला जातो. २०१८ साली जपानातील क्योटोच्या 'मुई' मंडळींनी घरातले दिवे लावणारे लाकडी फळीचे यंत्र 'किकस्टार्टर' या अमेरिकन पेढीमार्फत लोकवर्गणीला लावले, तेव्हा उचल दिली ती गिऱ्हाइकांनी. बोटाला लाकूडच लागते, काच नव्हे. कल्पना झकास! परंतु माल मिळेलच अशी हमी पेढी देत नाही; वर्गणी पुरी झाली की शेकडा ५ दलाली मात्र कापून घेते. अशा जाहिरातींत लाकडाची जात वाचली, हातकामाची थोरवी वाचली; रंधा मारणाऱ्याची मजुरी आमच्या वाचनात आली नाही. पेढीच्या नोकरांनी २०२० साली ४६ विरुद्ध ३७ मतांनी आपली युनियन केली. सुतार तिचा सभासद नाही.