नोकरी, पीएच.डी. आणि चमचाभर विरजण



नोकरी सांभाळून विज्ञानात पीएच.डी. करणारं कुणी आत्ता ऐकत असेल, तर आधी एक विचारते. प्रयोगाची वही शेवटची कधी उघडलीत? खरं सांगा. दिवाळीआधी?

नोंदणी, कोर्सवर्क, सिनॉप्सिस हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पार्ट-टाइमवाल्यांना नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र आणावं लागतं. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, असं त्यात लिहिलेलं असावं लागतं. साहेब सही करतात, पण सहीबरोबर वेळ काही येत नाही. औषध कंपनीत शिफ्ट बदलते, ज्युनियर कॉलेजात बारावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात, आणि विद्यार्थी मला म्हणतो, "मॅडम, मे महिन्यात रजा टाकतो आणि एकदम सगळं उरकतो."

उरकत नाही हो! मी सूक्ष्मजीवशास्त्रातली. आमचा ई. कोलाय चांगल्या माध्यमात, ३७ अंशांना, साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. तुमची मीटिंग संपेपर्यंत तो कशाला थांबेल? वाढीचा आलेख काढायचा तर दिवसभर थोड्या थोड्या वेळानं रीडिंग घेत बसावं लागतं. असे प्रयोग रविवारीच होणार, मान्य. पण मधले सहा दिवस वही मिटलेली राहिली, तर रविवारची अर्धी सकाळ 'आपण कुठं होतो' हे शोधण्यात जाते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. रोज अर्धा तास वही उघडा. आणि मिटताना काम पुरतं संपवू नका.

घरी दह्याचं भांडं आपण चाटूनपुसून रिकामं करतो का? चमचाभर उद्यासाठी ठेवतोच. वहीतही ठेवा. "उद्या तिसऱ्या फ्लास्कचा पीएच पुन्हा बघणे." "तक्ता अर्धा झाला, पाचव्या नमुन्यापासून पुढं." हे तुमचं विरजण. लोकलमधून उभ्यानं घरी आल्यावर नवं काही सुचत नाही, पण ठेवलेल्या चमच्यावर दूध ओतता येतं. म्हशीचं निरसं दूध आणि मातीचं भांडं मिळेल तेव्हाच दही लावीन, असं म्हणणाऱ्याच्या घरी दही लागत नाही. विरजण गेलं, की शेजारी मागायला जावं लागतं. इथं शेजारी म्हणजे गाइड. आणि गाइडलाही तुमचा मागचा प्रयोग आठवत नसतो, हे मी गाइड म्हणूनच सांगते.

लोक मला सी. व्ही. रामन यांचा दाखला देतात. १९०७ ते १९१७ सरकारी अर्थखात्यात नोकरी, आणि कलकत्त्यात असताना कचेरीच्या आधी-नंतर बहुबाजारातल्या 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स'च्या प्रयोगशाळेत काम. खरं आहे. पण त्यांना सहामाही प्रगती अहवाल द्यायचा नव्हता, आणि घरचं कोण बघत होतं, ते... असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय. त्यांच्याकडून घ्यायचं ते प्रयोगशाळेत नेमानं जाणं.

रेडिओ आत्ताच लावला असेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगते: रोज वही, आणि उद्यासाठी चमचाभर.

मुदतीबद्दलही बोलायचं होतं. सहा वर्षं, पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, बायकांना त्यावर दोन. या जास्तीच्या दोन वर्षांचं घरात नेमकं काय होतं, ते... काचेपलीकडून खूण झाली, थांबायला हवं.

तर आज जेवणं झाली की वही काढा. जिथं थांबला होतात त्याखाली आजची तारीख घाला आणि उद्याच्या कामाची एक ओळ लिहा. मोबाइलमध्ये नको, सुट्या कागदावर नको, वहीत लिहा.