गाडीतला डेक कोणी बसवायचा?

माझं हे बोलणं तुमच्यापैकी काही जण गाडीत बसूनच ऐकत असतील. सिग्नलला थांबला असाल, तर समोरच्या डेककडे एकदा बघा. या लहानशा खोक्यानं माझी गाडी एकदा जवळजवळ पेटवली होती. दोष खोक्याचा नव्हता, माझाच होता.

२००३ सालची गोष्ट. माझ्याकडे जुन्या बाजारातली मारुती ८०० होती. तापकीर गल्लीतून मी एक सीडी डेक, मागच्या ट्रेवर बसणारे दोन अंडाकृती स्पीकर आणि एक अँप्लिफायर घेतला. वायरमननं बसवायचे चारशे रुपये सांगितले. मला वाटलं, घरातले पंखे, ट्यूबलाइट आपण लावतो, मिक्सर उघडून दुरुस्त करतो, मग चार तारा जोडायला चारशे रुपये कशाला? रविवारी सकाळी कामाला लागलो आणि संध्याकाळी गाडी गायला लागली. सोसायटीतली मुलं भोवती जमली. त्या दिवशी मी कोणाच्या बापाला ऐकणारा नव्हतो.

पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला निघालो. पत्नी पुढे, दोन्ही मुलं मागे. खंबाटकीच्या घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी चढत असताना रबर जळल्याचा वास आला. आधी वाटलं, पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील. मग पायाखालच्या मॅटमधून पांढरा धूर वर आला. गाडी कडेला घेतली. पत्नीनं मुलांना अक्षरशः ओढून बाहेर काढलं. मी बॉनेट उघडलं. बॅटरीचं टर्मिनल सुदैवानं ढिलं होतं, ते फडक्यानं धरून उपटलं. तळहातावर त्याचा डाग अजून आहे.

काय झालं होतं? अँप्लिफायरला लागणारी तार मी बॅटरीपासून थेट मागे नेली होती. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला एक भोक होतं, त्यातून ती आत घेतली होती. त्या भोकाला रबरी बुश लावलं नव्हतं. आठवडाभर पत्र्याची कड तारेवर घासत राहिली, प्लास्टिक कापलं गेलं आणि तांबं गाडीच्या बॉडीला टेकलं. गाडीची अख्खी बॉडी म्हणजे बॅटरीची ऋण बाजू. म्हणजे मी बॅटरी सरळ शॉर्ट केली होती. आणि वाटेत फ्यूज नव्हता. फ्यूज होता, पण मागे, अँप्लिफायरच्या अंगात.

इथे आपल्यासारख्या घरगुती कारागिरांची फसगत होते. आपण म्हणतो, बारा व्होल्ट तर आहेत, शॉक लागत नाही, मग भीती कसली? पण साधा हिशेब करा. घरात चारशे वॅटचं उपकरण २३० व्होल्टवर दोन अँपियरसुद्धा घेत नाही. तेच चारशे वॅट बारा व्होल्टवर घ्यायचे, तर तेहतीस अँपियर लागतात. विजेच्या प्रवाहानं तार तापते, आणि प्रवाह दुप्पट झाला की तापणं चौपट होतं. मी घरच्या वायरिंगमधून उरलेली तार वापरली होती. शिवाय शॉर्ट झाल्यावर गाडीची बॅटरी शेकडो अँपियर ओतू शकते. स्टार्टर फिरवण्यासाठी तिची तशी घडणच असते.

फ्यूज कशासाठी, हेही मला तेव्हा उलटंच ठाऊक होतं. मला वाटायचं, तो अँप्लिफायरला वाचवण्यासाठी असतो. तो खरं तर तारेला वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या अगदी जवळ, हात-अर्ध्या हाताच्या आत असायला हवा. तारेच्या शेवटी लावलेला फ्यूज हा पाण्याची टाकी फुटल्यावर नळ बंद करण्यातला प्रकार.

गाडी टो करून परत आणली आणि नाना पेठेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी मॅट उचलली, जळकी तार बोटानं उचलून धरली आणि एवढंच विचारलं, ''साहेब, पुढचा फ्यूज कुठाय?'' माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी हसून चहा मागवला. पुढचे तीन तास मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून होतो. त्या तीन तासांत जे शिकलो ते कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

त्यांनी तार पुन्हा ओढली ती गाडीच्या एका बाजूनं, आणि डेककडून अँप्लिफायरकडे जाणारी आवाजाची तार दुसऱ्या बाजूनं. दोन्ही एकत्र बांधल्या की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर स्पीकरमधून शिट्टीसारखा सूर येतो आणि इंजिनाबरोबर तो चढत जातो. माझ्या गाडीत तो येत होता. मी डेकला दोष देत होतो. अर्थिंगची तार घट्ट करण्याआधी त्यांनी बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा चकचकीत केला. रंगावर घट्ट केलेलं अर्थिंग म्हणजे अर्धवट अर्थिंग. शिट्टीचं दुसरं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं.

डेकमागच्या तारांच्या जुडग्याचा अर्थही तिथे कळला. पिवळी तार बॅटरीवर कायम, घड्याळ आणि स्टेशनांची आठवण राहावी म्हणून. लाल तार किल्लीवर. काळी बॉडीला. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. प्रत्येकीची काळ्या रेघेची जोडीदार वेगळी. घाईत लोक लाल आणि पिवळी एकत्र पिळून बॅटरीला लावतात. डेक वाजतो छान, पण किल्ली काढली तरी तो बंद होत नाही. गाडी चार दिवस उभी राहिली की पाचव्या दिवशी ढकलायला शेजारी बोलवावे लागतात.

जुन्या फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडरच्या हौशी मालकांसाठी एक गोष्ट खास सांगतो. त्या काळच्या कित्येक टेपमध्ये स्पीकरची एक तार सरळ बॉडीला जोडलेली असे. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर डेक स्वतः जोर लावतो, त्यातली एकही बॉडीला चालत नाही. जुनी जोडणी तशीच ठेवून नवा डेक लावला, तर तो गप्प होतो, आणि नशीब वाईट असेल तर कायमचा.

आणि खोक्यावर लिहिलेल्या 'पन्नास गुणिले चार वॅट'वर विश्वास ठेवू नका. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे चौदा व्होल्ट मिळतात आणि स्पीकर चार ओहमचा असतो. त्यातून अखंड वीस-बावीस वॅटच्या वर फारसं निघू शकत नाही. उरलेला आकडा विक्रेत्याचा.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, मग सरळ कारागिराकडेच जावं. थांबा. सगळेच कारागीर उस्ताद नसतात. २०१२ साली माझ्या पुतण्यानं नवी गाडी घेतली आणि एका चकचकीत दुकानात डेक बदलून घेतला. पाऊण तासात काम झालं. पुढे वायपर अधूनमधून बंद पडू लागले, म्हणून सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे डॅशबोर्ड उघडला तर आत कंपनीचा कपलर कापलेला आणि तारा नुसत्या पिळून वर काळी चिकटपट्टी. उन्हात तिचा गोंद वितळला होता. वायरिंगची वॉरंटी अर्थातच गेली. पैसे घेणाऱ्याला पुढचं गिऱ्हाईक दिसत असतं, आपल्याला आपली गाडी दिसत असते, हा घरच्या कामाचा एक मोठा फायदा मी नाकारणार नाही. दुकानात पहिला प्रश्न विचारा, ''माझ्या गाडीचा कपलर आहे का?'' कारागिरानं उत्तराऐवजी कात्री हातात घेतली, तर गाडी मागे घ्या. बदललेल्या सामानाचं पक्कं बिल घ्या आणि विम्यात त्याची वेगळी नोंद करा. जादा हप्ता भरून ती करता येते. नाहीतर चोरी झाल्यावर तुमचा डेक कागदावर अस्तित्वातच नसतो.

आता गाड्याही बदलल्या. १ जुलै २०१९ पासून चालकासमोरची एअरबॅग आपल्याकडे नव्या मोटारींत सक्तीची झाली. तिच्या तारा बहुधा पिवळ्या नळीतून किंवा पिवळ्या कपलरनं जातात. टेस्ट लॅम्प घेऊन डॅशबोर्डमध्ये चाचपडण्याची आमची जुनी सवय तिथे जिवावर बेतू शकते. पिवळा कपलर दिसला की हात मागे. खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल, तर खांबाच्या आतून तार नेताना ती एअरबॅगच्या आड येणार नाही, हे पाहावं लागतं. विजेवरच्या गाडीतल्या जाड नारिंगी तारा तर फक्त लांबून बघायच्या. बऱ्याच गाड्यांत पडदा डॅशबोर्डलाच जोडलेला असतो, त्यामुळे डेक बदलायचा प्रश्नच उरत नाही. उरतात ते स्पीकर.

आणि ते मात्र तुम्ही स्वतः बदलावेत, असं मी आवर्जून सांगेन. दाराचं पॅनेल, चार स्क्रू, दहा-बारा क्लिपा आणि शांत दुपार एवढं पुरतं. बॅटरीचं ऋण टर्मिनल आधी काढायचं, एवढं पथ्य पाळा.

सुरुवातीच्या काळात मोटारीत रेडिओ बसवणाऱ्यांचं तरी काय झालं? अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनं १९३० साली मोटारीसाठी रेडिओ काढला. त्याचं नाव मोटोरोला. पुढे तेच कंपनीचं नाव झालं. कर्ज मिळावं म्हणून त्यांनी एका बँकवाल्याच्या गाडीत असा रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात ती गाडी पेटली, असा किस्सा सांगतात. खरा-खोटा माहीत नाही, पण खंबाटकीनंतर मला त्याचा मोठा आधार वाटतो.

गेल्या महिन्यात पुतण्या आला. म्हणाला, ''काका, पुढचे स्पीकर बदलू या का, आपण दोघं?'' आम्ही बसवले. आवाज स्वच्छ होता, पण ढोलकी कुठे दिसेना. मी घड्याळातला दीड व्होल्टचा सेल काढला आणि स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवला. सेलचं धन टोक ज्या तारेला लावल्यावर कागद बाहेर येतो, ती धन तार. डाव्या दाराची जोडणी उलटी झाली होती. एक स्पीकर हवा ढकलत होता तेव्हा दुसरा ओढत होता, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकत होते. तारा अदलाबदल केल्या आणि ढोलकी परत आली.

आता त्याला अँप्लिफायर हवाय. त्यासाठी शनिवारी नाना पेठेत जायचं ठरलंय. उस्ताद नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. मी त्याच्याशेजारच्या स्टुलावर बसणार आहे आणि पुढचा फ्यूज स्वतः बघून घेणार आहे.