किल्ली आपल्याच कनवटीला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, चूल सांभाळणारी बाई. संकेतस्थळावर बोलणार म्हटल्यावर घरचीच माणसे हसली. पण गेल्या पावसाळ्यातली गोष्ट मनातून जात नाही.

आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावर नागलीच्या पापडांसाठी दिलेला फोन बंद पडला होता. ते करून देणारा मुलगा नोकरीला परगावी गेलेला. त्याने फोनवर विचारले, "मावशी, नंबर पोस्टमध्ये आहे की पेजवर? तुमच्याकडे ॲडमिनचे लॉगिन आहे का?" मला एक शब्द कळेल तर शपथ! दोन महिने मागण्या बंद फोनवर गेल्या. पापडांवर जिची चूल पेटते, त्या भगिनीकडे मान वर करून बघवेना. मग मी भाचीला समोर बसवले आणि शब्द शिकले.

आपले संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते २००३ साली सुरू केले. ते फुकट आहे, मराठीतही मिळते. जागेचे आणि नावाचे पैसे मात्र वेगळे. गवंडी न बोलावता घरातले सामान आपले आपण हलवावे, तशी ही सोय.

लॉगिन म्हणजे आपले नाव आणि परवलीचा शब्द. तो दिला की डॅशबोर्ड उघडतो; ते आपले माजघर, पाहुण्यांना दिसत नाही. पोस्ट म्हणजे तारखेची बातमी, जसे हळदीकुंकू. नवी आली की जुनी खाली सरकते. पेज म्हणजे दारावरची पाटी, कायमची. आपला फोन पेजवर होता! कॅटेगरी म्हणजे फडताळातले डबे. पोस्टा त्यांत लावायच्या. थीम म्हणजे रंगरंगोटी; ती बदलली तरी मजकूर राहतो. प्लगिन म्हणजे जास्तीची सोय, मिक्सरला वेगळे भांडे लावावे तशी. ड्राफ्ट म्हणजे मळून झाकलेले पीठ, पब्लिश म्हणजे पंगतीत वाढलेली भाकर. वाढण्याआधी एकदा वाचावे. चुकून काढलेले ट्रॅशमध्ये साधारण ३० दिवस राहते, पुढे जाते.

आता मुख्य गोष्ट. काँट्रिब्यूटर लिहितो, पण पब्लिश करू शकत नाही. ऑथर स्वतःचे लिखाण पब्लिश करतो. एडिटर सर्वांचे सुधारतो. ॲडमिनकडे साऱ्या घराच्या किल्ल्या. आपण सगळ्या किल्ल्या एकट्या मुलाकडे ठेवल्या. त्याचा दोष नाही. आपण मागितल्याच नाहीत, कारण काय मागायचे तेच ठाऊक नव्हते.

आता आपल्यातल्या दोघी ॲडमिन आहेत, प्रत्येकीचे लॉगिन वेगळे. फोन मी स्वतः बदलला. हात थरथरत होते, पण दुसऱ्याच दिवशी पापडांची मागणी आली.

भगिनींनो, शब्द कळला की विचारता येते आणि विचारता आले की अडत नाही. दर बैठकीला दोन शब्द शिकू या.