पाण्यातून आलेला सोडियम



अध्यक्षपदाचा मान दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. अध्यक्षाने साऱ्या मृदाविज्ञानाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो बाजूला ठेवून मी आज एकाच खनिजाबद्दल बोलणार आहे. ते म्हणजे स्मेक्टाइट. दख्खनचा बेसॉल्ट झिजून हे खनिज तयार झाले आणि आपल्या काळ्या, भारी जमिनीचा स्वभाव तेच ठरवते.

त्याचा एकेक थर जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचा असतो. बाहेरून सिलिकाचे दोन पत्रे आणि मध्ये ॲल्युमिनाचा एक, अशी त्याची रचना. मधल्या पत्र्यात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. तिथे धनभार कमी पडतो आणि थराला कायमचा ऋणभार येतो. ही उणीव भरून काढायला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम हे धनभारित आयन दोन थरांच्या मधल्या फटीत येतात आणि सोबत पाणीही घेऊन येतात. पावसाळ्यात जमीन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती यामुळेच. आतला-बाहेरचा सारा पृष्ठभाग मोजला तर एका ग्रॅम स्मेक्टाइटमागे तो 700 ते 800 चौरस मीटर भरतो. कोकणातल्या जांभ्या जमिनीतल्या केओलिनाइटचे थर मात्र एकमेकांना घट्ट धरून असतात, पाण्याला आत शिरू देत नाहीत. म्हणून पोटॅशचा तोच हप्ता इथे धरला जातो आणि तिथे पावसाबरोबर सहज निघून जातो.

माती धरून ठेवते म्हणजे काय करते, हे 1850 साली इंग्लंडात जे. टी. वे यांनी दाखवून दिले. त्यांनी अमोनियम सल्फेटचे द्रावण मातीतून गाळले. खाली उतरले ते कॅल्शियम सल्फेट. मातीने अमोनियम ठेवून घेतले होते आणि त्याच्या मोबदल्यात कॅल्शियम सोडले होते. मातीतल्या चिकणभागाकडेच ही ताकद आहे, हेही त्यांनी ओळखले. पॅराक्वॉटसारखे तणनाशक मातीला लागताच निष्प्रभ होते, त्यामागेही हीच ओढ आहे. त्याचा धनभारित रेणू थरांमध्ये शिरतो आणि तिथेच अडकून पडतो.

पण ही देवाणघेवाण आंधळी असते. माती भल्याबुऱ्याची निवड करत नाही. आपण जे पाणी देतो, त्यात जे विरघळलेले असेल ते ती घेते. फटीत कॅल्शियम असेल तोवर थर एकमेकांजवळ राहतात, कण गुठळ्या धरतात, पाणी मुरते, वाफसा वेळेवर येतो. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की थर दूर सरकतात, कण सुटे होऊन पाण्यात तरंगतात आणि जमिनीची छिद्रे बुजवतात. वरून चिखल आणि खाली कोरडी माती, अशी अवस्था होते. आपला शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो.

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. कमी पावसाच्या हवामानात मातीतले कॅल्शियम चुनखडी होऊन बसते आणि द्रावणात सोडियमचा वाटा वाढत जातो. त्यात रब्बीला विहिरीचे खारे पाणी दिले, की सोडियम थरांत शिरतो. क्षार भरपूर असेपर्यंत कण गुठळी धरून असतात, त्यामुळे नुकसान लगेच दिसत नाही. पुढच्या पावसाळ्यात गोडे पाणी पडते, वरचे क्षार धुऊन जातात आणि तेव्हा माती विस्कटते. शेतकरी पावसाला दोष देतो. खरे कारण आदल्या हंगामाच्या पाण्यात असते. मातीने धरलेल्या धनभारित आयनांत विनिमयक्षम, म्हणजे अदलाबदल होऊ शकणाऱ्या, सोडियमचा वाटा 15 टक्के, ही रूढ मर्यादा आपण पुस्तकांतून घेतली. आपल्या फुगणाऱ्या मातीत त्याहून बऱ्याच कमी प्रमाणातही निचरा बिघडतो, हे याच खोऱ्यातल्या अभ्यासांनी दाखवले आहे. तरीही आपण तीच मर्यादा शिकवत राहतो, हे मला मान्य नाही.

सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यातली क्षारपड जमीन अतिसिंचनाने पाणीपातळी वर आल्यामुळे झाली. तिथे भूमिगत निचरा नळ्यांनी जमिनी सुधारल्या. चोपण जमिनीवर उपाय म्हणून टाकलेल्या जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला फटीतून बाहेर काढते खरे, पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. चर नाही, निचरा नाही, आणि नुसते जिप्सम टाकायला सांगणे म्हणजे शेतकऱ्याचा पैसा वाया घालवणे आहे.

आता आपल्या कामाकडे येतो. 2015 साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये, सारे त्यात आहे. विनिमयक्षम सोडियम मात्र नाही आणि विहिरीच्या पाण्याबद्दलही अवाक्षर नाही. जमिनीत अन्न किती आहे, हे आपण शेतकऱ्याला सांगतो. ती पाणी पिईल की नाही, हे सांगत नाही. ज्या भारी जमिनीला विहिरीचे किंवा कालव्याचे पाणी मिळते, तिच्या प्रत्येक नमुन्यात विनिमयक्षम सोडियम मोजला जावा आणि मातीसोबत पाण्याचीही बाटली प्रयोगशाळेत यावी, असा ठराव या परिषदेने करावा. शासन स्वीकारेल तेव्हा स्वीकारेल. आपल्या प्रयोगशाळांनी या रब्बीपासूनच सुरुवात करावी, अशी माझी आपणा सर्वांना कळकळीची विनंती आहे.