गार हातांची गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या माझ्यासारख्या गृहिणीने आरोग्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण मी सांगणार आहे ते माझ्याच चुकीतून शिकलेले आहे.

माझी धाकटी जाऊ रत्नागिरीकडची. लग्न होऊन नाशकात आली. पहिल्याच पौषात पहाटे गार पाण्याला हात लावायचा म्हटले की ती अंग चोरी, रात्री पायमोजे घालून निजे. मी आपली म्हणे, "भारीच नाजूक बाई! आम्ही नाही का याच थंडीत धुणी धुतली?" ती बिचारी उलट बोलली नाही. एके दिवशी मोरीतच तिला घेरी आली. तपासले तर हिमोग्लोबिन ८! ते निदान १२ तरी हवे. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघींना समोर बसवून सारे उलगडून सांगितले. पाळीनंतर बाईच्या अंगात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढू लागते. त्याने रक्तवाहिन्या सैल राहतात, रक्त बोटांपर्यंत मोकळे पोचते. पुढे बीज सुटले की प्रोजेस्टेरॉनचा जोर होतो आणि अंगाची उष्णता ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते. मग थंडी कमी वाजायला हवी, असे आपल्याला वाटेल. पण शरीराला ही वाढीव ऊब राखायची असते. माजघराची ऊब जाऊ नये म्हणून आपण ओटीकडचे दार लोटून घेतो ना, तसे ते कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेते. माजघर उबदार, ओटी गार! म्हणून पाळीच्या आधीच्या दिवसांत कित्येकींचे हातपाय गार पडतात. हा नखरा नव्हे, आजारही नव्हे.

मात्र महिनाभर थंडी वाजत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, पापणीची आतली बाजू फिकी दिसत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. पाळी फार जात असेल तर विशेषच. २०१९–२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला. थायरॉईड मंदावले तरीही थंडी सोसत नाही. गार पाण्यात बोटे पांढरी, मग निळी पडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगावे. लोहाची गोळी दिली असेल तर ती चहाबरोबर घेऊ नये. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावी, अंगी लागते.

जाऊबाई आता बऱ्या आहेत. पाळीच्या आधी त्यांचे पाय अजूनही गार पडतात, पण पायमोज्यांवरून कोणी बोलत नाही. धुणे आम्ही दोघी मिळून करतो, तेही ऊन वर आल्यावर.

मैत्रिणींनो, घरातली लेक, सून, जाऊ "थंडी वाजते" म्हणाली, तर आधी तिचा हात हातात घेऊन पाहा. बोलायचे ते मग बोला.