एडनचा बंदिवान

जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा भिंतींपेक्षा अंतराने अधिक जाचक होत असे. इंग्लंडने ती प्रथम आपल्याच गुन्हेगारांना दिली. १७८८ पासून १८६८ पर्यंत सुमारे १,६०,००० ब्रिटिश कैदी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आले. परंतु तेथे भोवती त्यांचीच भाषा बोलणारी माणसे होती आणि मुदत भरल्यावर कित्येकांना संसारही थाटता आला. वासुदेव बळवंत फडके यांच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही.

पनवेलजवळील शिरढोण येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात ते कारकून होते. आई अत्यवस्थ असता रजा वेळेवर मिळाली नाही आणि तिची अखेरची भेट हुकली. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना त्यांनी पाहिली. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोश्यांना हाताशी धरून त्यांनी धामारी गावावर पहिला छापा घातला.

त्यानंतर सुमारे पाच महिने सरकार त्यांच्या मागावर होते. मुंबईचे गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या सरकारने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावले, तेव्हा वासुदेव बळवंतांनी उलट गव्हर्नरच्याच शिरासाठी बक्षीस जाहीर केले! अंगी बळ मूठभर, तरीही ते इतके दिवस निसटत राहिले. कारण डोंगरवाटा ओळखीच्या होत्या आणि वस्तीवर भाकर देणारे हात होते. अखेर जुलै महिन्यात विजापूरकडील देवर नावडगी येथे आजारी अवस्थेत मेजर डॅनियलने त्यांना पकडले. पुण्यातील खटल्यात त्यांच्याच हातची आत्मकथा व रोजनिशी त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली. त्या भीतीच्या दिवसांतही सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, त्यांच्या बचावासाठी उभे राहिले. शिक्षा जन्मठेपेची झाली.

जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला धाडण्यात आले. मुंबई सरकारच्याच ताब्यातील ते बंदर म्हणजे पर्जन्य दुर्मीळ असलेला ज्वालामुखीचा उघडा खडक. तेथील कोठडीचे दारही या माणसाने बिजागऱ्यांतून उखडून काढले आणि तो तुरुंगाबाहेर पडला! पण बाहेर जावयाचे कोणाकडे? तेथे ना शेत ओळखीचे, ना वाट. आणि दार उघडून आत घेईल असे एकही घर नव्हते. सह्याद्रीत महिनोन्‌महिने न सापडलेला पुरुष तेथे लवकरच पुन्हा पकडला गेला. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनलाच त्यांचा अंत झाला. वय अवघे ३७ वर्षांचे.

पुण्यात संगम पुलाजवळ, खटल्याच्या काळी ज्या कोठडीत त्यांना ठेवले होते तेथे आज त्यांचे स्मारक आहे. खटल्याच्या काळात आपल्या माणसांच्या जवळ त्यांनी काढलेले दिवस त्याच कोठडीतले होत.