काजळ, गेरू आणि आगगाडी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते गुरुजी आम्हांला हस्तव्यवसाय शिकवीत. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने या प्रसंगी आगगाड्यांच्या प्रतिकृतींवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझ्यावर गुरुजींचे जे ऋण आहे, ते एका इंजिनाचे आहे.

ते इंजिन वीतभर लांबीचे होते. मागावरची टाकाऊ लाकडी बॉबिन हा त्याचा बॉयलर, आणि बाकीचा साज बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचा. (बुऱ्हाणपुरात बॉबिनींना काय तोटा!) गुरुजींनी ते काळ्या तैलरंगाने रंगविले आणि मग महिनाभर ते ते ‘मळवीत’ बसले. डिंकाच्या पाण्यात कालवलेले काजळ धुराड्याभोवती, पत्र्याच्या सांध्यांवर गंजासाठी गेरू, आणि बॉयलरच्या कुशीवरून ओघळलेल्या चुन्याच्या बारीक रेघा. बॉयलरच्या पाण्यातील क्षार गळत्या वाफेबरोबर बाहेर येऊन इंजिनावर असे पांढरे ओघळ पडत. कुंडी भंडाऱ्याच्या भिंतींवरील चुन्याचे थर पाहिलेल्यांना हे निराळे सांगावयास नको.

शाळेच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी स्वच्छतेचे काम माझ्याकडे होते. मी ओल्या फडक्याने ते इंजिन लख्ख पुसून काढले! गुरुजींनी ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि एवढेच म्हणाले, ‘‘अरे, हे आता कुठेच जाऊन आलेले नाही.’’

या छंदातील जाणकार या मळविण्याला ‘वेदरिंग’ म्हणतात. मला ‘जुनवणे’ हा शब्द बरा वाटतो. आज काजळाच्या जागी पातळ केलेला तैलरंग, गेरूच्या जागी तयार भुकटी आणि शेवटी चकाकी मारणारे व्हार्निश आले आहे. तरी प्रश्न तोच राहतो, डाग नेमका कोठे पडावा? धूळ खाली चाकांजवळ दाट, काजळी वर छपरावर. हा क्रम उलटला की गाडी खोटी ठरते.

पुण्यास कोथरूडमध्ये कै. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. ते मी दोनदा पाहिले आहे. सिग्नल, उड्डाणपूल आणि धावत्या गाड्यांचे ते शहर पाहून मुले हरखतात, मीही हरखलो. पण मला ओढ होती ती आपल्याकडच्या खंडवा-अकोला मीटरगेजची. तुकईथडहून पुढे गेल्यावर धूळघाटास ही गाडी सातपुड्यात वेटोळे घेऊन स्वतःच्याच रुळांवरून जाई. त्या वळणाला लोक ‘चारचा आकडा’ म्हणत. २०१७ साली ती गाडी बंद झाली. मेळघाटच्या वाघांच्या रानातून रुंद मार्ग नेण्यास आक्षेप आले आणि नवा मार्ग बाहेरून वळविण्याचे ठरले. रानाच्या दृष्टीने ते योग्यच झाले, असे माझे मत आहे. मात्र त्या वेटोळ्यावरून आता कोणी जाणार नाही.

म्हणून गेल्या वर्षी नातवाबरोबर ते वेटोळे माडीवर बांधावयास घेतले. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात मीटरगेजसाठी १२ मिलिमीटर रुंदीचे रूळ मिळतात. पण १७५ मीटर त्रिज्येचे वळणही या मापात दोन मीटर त्रिज्येचे, म्हणजे चार मीटर व्यासाचे होते. आमची खोली तीन मीटरांची! तेव्हा वळण आवळावे लागले. शिवाय वरचा रूळ खालच्यावरून न्यायचा तर साडेसात सेंटिमीटर उंची हवी, आणि चाळीसास एक अशा चढाने ती गाठावयास तीन मीटर रूळ लागतात. काय वगळावे आणि काय राखावे, यावर आम्हा आजोबा-नातवांत रोज वाद होतो. डोंगर वर्तमानपत्राच्या लगद्याचा, झाडी वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची, जमीन वापरून वाळविलेल्या चहाची.

नातवाने परवा विचारले, ‘‘आजोबा, धूळघाट स्टेशनच्या भिंतीचा रंग कोणता होता?’’ लहानपणापासून त्या गाडीने कितीदा गेलो, पण मला सांगता आले नाही. आपणांपैकी कोणाकडे त्या स्टेशनचे जुने छायाचित्र असल्यास, ते कितीही डागाळलेले असो, कृपया सभेनंतर मला भेटावे. आणि ते पुसू नये.